आपलं शरीर निवांत बघायला शिकताना : खासगी फोटो आणि मोकळ्या गप्पांची पद्धत

चार बायकांना आपापल्या शरीराबद्दल बोलायला सांगा, पाच मिनिटांत तक्रारींची यादी तयार होते. पोट सुटलंय, दंड जाड झालेत, मान काळी पडलीय, बाळंतपणानंतर छाती उतरली. याच शरीराने दोन जिवांना जन्म दिला, रोज लोकलमध्ये उभ्याने प्रवास केला, तापातही स्वयंपाक केला, हे त्या यादीत कधीच येत नाही. यात त्या बायकांचा दोष नाही. वयात आल्यापासून मुलीचं अंग दुसऱ्यांच्याच नजरेने मोजलं जातं. कांदेपोह्यांच्या वेळी उंची आणि रंग, लग्नानंतर 'मानवलं हो तुला', मूल झाल्यावर 'किती सुटलीस', आजारपणानंतर 'अगदी काडी झालीस'. बाथरूममधला आरसा जेमतेम छातीपर्यंतचा, आणि दाराबाहेर कुणाला तरी घाई असते. स्वतःला पायापासून डोक्यापर्यंत सावकाश बघितलंय असं सांगणारी बाई क्वचित भेटते.

मी बायकांचे खासगी फोटो काढते. अंगावर कपडे किती, हे ज्या त्या बाईने ठरवायचं असतं. कुणी नऊवारीत फक्त पाठ उघडी ठेवते, कुणी सुती चादर गुंडाळून बसते, कुणी काहीच न घालता बसते. हे फोटो कुठे छापायला किंवा दाखवायला नसतात, ते तिचे तिनेच बघायचे असतात. हे काम मैत्रिणीसाठी, बहिणीसाठी किंवा व्यवसाय म्हणून करू इच्छिणाऱ्यांसाठी, आणि एकटीने स्वतःचे फोटो काढू बघणाऱ्यांसाठी हा लेख आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. फोटो सुंदर आल्यामुळे बाईचं मन बदलत नाही. काय दाखवायचं, किती दाखवायचं, कधी थांबायचं आणि फोटोचं पुढे काय करायचं हे सगळं तिच्या हातात असतं तेव्हा ते बदलतं.

ही कल्पना काही आजची नाही. ब्रिटिश छायाचित्रकार जो स्पेन्स यांना १९८२ मध्ये स्तनांचा कर्करोग असल्याचं कळलं. शस्त्रक्रियेआधी त्यांनी स्वतःच्या स्तनावर पेनाने लिहिलं, 'जो स्पेन्स यांची मालमत्ता?', आणि तसा फोटो काढला. शेवटचं प्रश्नचिन्ह मुद्दाम होतं. पुढे रोझी मार्टिन यांच्यासोबत त्यांनी छायाचित्रातून स्वतःची गोष्ट पुन्हा मांडण्याची एक पद्धतच उभी केली. आपल्याकडे र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं, त्याच्या मुखपृष्ठावर स्त्रीची नग्न चित्रं छापली, आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती. उघड्या शरीरात लाजिरवाणं काही नाही, हे मराठीत इतक्या ठामपणे आधी फारसं कुणी म्हटलं नव्हतं. पण त्या मुखपृष्ठांवर कोणती बाई, कशी दिसावी, हे ठरवणारा संपादक होता. इथे ते बाईने स्वतः ठरवायचं आहे.

आधी गप्पा, कॅमेरा नंतर

पहिल्या भेटीत कॅमेरा आणूच नका. दीड-दोन तास ठेवा, चहा करा, दोघीच बसा. नवरा, आई, मैत्रीण कुणीही सोबत आलं तरी थोडा वेळ तिच्याशी एकटीशी बोलाच. नवऱ्याला वाढदिवसाची भेट द्यायची म्हणून आलेल्या बाईला मी एकांतात विचारते, 'हे फोटो घरात कुणीच बघणार नसेल, तरी काढायचे आहेत का?' उत्तर 'हो' आलं तर पुढे जायचं. ती घुटमळली तर दुसऱ्याची हौस भागवण्यासाठी आली असण्याची शक्यता धरा, आणि 'आज काहीच ठरवायला नको' म्हणून विषय तिथेच ठेवा.

वय १८ पूर्ण हवं आणि ओळखपत्र बघूनच खात्री करायची. सतरा वर्षं अकरा महिन्यांची मुलगी आईला घेऊन आली तरी नाही. इथे कुठलाही अपवाद नाही, पॉक्सो कायद्यात आईबापांच्या संमतीलाही इथे काही किंमत नाही.

काही जणींसाठी ही वेळ योग्य नसते. जेवणाशी भांडण चालू आहे, खाऊन ओकणं किंवा उपाशी राहणं चालू आहे, शरीराच्या एकाच भागाचा ध्यास घेऊन दिवसातून पन्नास वेळा आरशात बघणं चालू आहे, किंवा अत्याचाराची जखम ताजी आहे, अशा बाईला कॅमेऱ्यासमोर बसवल्याने त्रास वाढू शकतो. तिला मानसोपचारतज्ज्ञाची किंवा समुपदेशकाची गरज आहे. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. 'फोटो नंतरही काढता येतील, मी इथेच आहे' एवढं सांगून तो नंबर द्या.

आता गप्पा कशा मारायच्या. 'तुला तुझ्या शरीरातलं काय आवडतं?' हा प्रश्न पहिल्यांदा विचारू नका. बहुतेक जणी गप्प होतात, आणि 'मला तर काहीच आवडत नाही' हे पहिलंच वाक्य होऊन बसतं. शरीराचा इतिहास विचारा. हा गुडघ्यावरचा वण कधीचा? केस कुणासारखे? लहानपणी पोहायचीस का? पहिली पाळी आली तेव्हा घरात कोण होतं, काय म्हणालं? अंगावरून पहिला शेरा कुणी मारला, तेव्हा तू किती वर्षांची होतीस? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकींना जागेसकट आठवतं: कुठली खोली, कुठला फ्रॉक, कुणाचं लग्न. एका शिक्षिकेने मला सांगितलं की सातवीत असताना आत्याने तिच्या पायांना 'गड्याचे पाय' म्हटलं, आणि त्यानंतर तिने पोटऱ्या दिसतील असं काही कधी घातलं नाही. आता ती पन्नाशीत आहे. फोटोसाठी तिने जे पहिलं मागितलं ते होतं उंबऱ्यावर टेकवलेल्या पोटऱ्यांचं छायाचित्र.

ऐकताना तोंडातून दोन वाक्यं येऊ देऊ नका. 'अगं, तू कुठे जाड आहेस!' आणि 'तू तर किती छान दिसतेस!' दोन्ही प्रेमाने म्हटली जातात, आणि दोन्हींनी तिचं म्हणणं जागच्या जागी मिटतं. ती पोटाबद्दल बोलत असेल तर पोटाबद्दल ऐका. 'कधीपासून असं वाटतं?' एवढं विचारलं की पुढचं ती आपसूक सांगते.

शेवटी तीन याद्या तिच्याकडूनच लिहून घ्या: हे दिसलेलं चालेल, हे दिसायला नको, हे अजून ठरलं नाही. तिसरी यादी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सगळं आधीच ठरवायची सक्ती झाली की ती घाबरून सगळ्यालाच नाही म्हणते, नाहीतर भिडेखातर सगळ्याला हो म्हणते.

कागद

मैत्रिणीचे फोटो काढायचे असले तरी एक पानभर लिहा आणि दोघींनी सह्या करा. अवघडल्यासारखं वाटतं, पण लिहिताना न बोललेल्या गोष्टी समोर येतात. कागदावर एवढं तरी हवं: फोटो कोण काढणार, खोलीत आणखी कोण असणार, कशावर काढणार, कुठे आणि किती दिवस ठेवणार, कुणाला दाखवणार (उत्तर 'कुणालाच नाही' असेल तर तसंच लिहा), आणि ती केव्हाही, कारण न देता संमती मागे घेऊ शकते.

मालकीचा मुद्दा बहुतेकांना माहीत नसतो. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, तुम्ही पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार केला नाही, तर त्या फोटोंचे पहिले हक्क तुमचे. पण मैत्रिणीने फुकट काढले तर हक्क मैत्रिणीकडे राहतात. म्हणून फुकटच्या कामात कागद जास्त गरजेचा. 'सर्व हक्क जिचं छायाचित्र आहे तिचे' असं स्पष्ट लिहून घ्या. व्यवसाय करणाऱ्या काही जणांच्या छापील करारात 'जाहिरातीसाठी वापरण्याचा हक्क' बारीक अक्षरात असतो, ती ओळ खोडून मगच सही करा. खोडू देत नसतील तर दुसरीकडे जा.

फौजदारी कायदाही तुमच्या बाजूने आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ सांगतं की खासगी क्षणाचा फोटो काढायला बाईने संमती दिली, पण तो तिसऱ्याला दाखवायला दिली नाही, आणि तरी तो पसरवला, तर तो गुन्हा आहे. पहिल्या वेळी शिक्षा एक ते तीन वर्षं कैद आणि दंड. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई वेगळं आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'तूच तर काढून घेतलेस' असं म्हणून कुणी गप्प करायला आलं तर ही दोन कलमं लक्षात असू द्या.

खोली

दाराला आतून कडी हवी, आणि समोरच्या इमारतीतून दिसत नाही याची खात्री दिवसा आणि दिवा लावून अशी दोनदा करायची. घरातले बाहेर असतील अशी वेळ निवडा आणि बेल वाजली तर काय करायचं ते आधी ठरवा. माझ्याकडे बेल बंद असते. थंडीत हीटर, उन्हाळ्यात पंखा मंद. उघड्या अंगाला गार वारा लागला की खांदे आपोआप कानांपर्यंत चढतात आणि फोटोत ते ताणासारखं दिसतं.

भिंतीचा रंग बघा. आपल्या घरांतली पोपटी, गुलाबी, आकाशी डिस्टेंपरची भिंत त्वचेवर आपला रंग टाकते. हिरव्या भिंतीजवळ बसलेली सावळी बाई आजारी वाटते आणि दोष त्वचेवर जातो. पांढरी किंवा राखाडी चादर मागे आणि बाजूला टांगली की प्रश्न मिटतो.

तिला सैल कपड्यांत यायला सांगा. ब्रा, सलवारीचं इलॅस्टिक, परकराची नाडी यांचे वळ उतरायला अर्धा-एक तास लागतो. काही जणींच्या कमरेवर वर्षानुवर्षं परकर घट्ट बांधल्यामुळे काळा पट्टा कायमचा पडलेला असतो. तो जाणार नाही आणि लपवायचंही कारण नाही. मात्र तिथे खाज, सोललेली त्वचा किंवा न भरणारी जखम असेल तर त्वचातज्ज्ञाकडे जायला सांगा. फोटो काढताना अशी एखादी गोष्ट दिसते, कारण त्या जागेकडे इतक्या निवांतपणे आधी कुणी पाहिलेलंच नसतं.

उजेड : एकच पोट, तीन वेळा

फ्लॅश नको, महागडे दिवेही नकोत. एक मोठी खिडकी, तिच्यावर पांढरं धुवट धोतर किंवा मलमल, आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा एक पांढरा तक्ता. धोतरातून ऊन मऊ होऊन येतं आणि थर्माकोल सावलीतला उजेड परत फेकतो. थेट ऊन आत पडत असेल तर धोतराची दुहेरी घडी करा.

आता सगळ्या पद्धतीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. बाईला खिडकीकडे तोंड करून बसवा आणि पोटाचा एक फोटो काढा. मग तिला नव्वद अंशात वळवून उजेड बाजूने येऊ द्या, तोच फोटो काढा. मग खिडकी तिच्या पाठीशी ठेवून तिसरा. तीनही शेजारी ठेवून दाखवा. पहिल्यात बाळंतपणाच्या रेषा जवळजवळ दिसत नाहीत, कारण समोरच्या उजेडात सावली पडायला जागा नसते. दुसऱ्यात प्रत्येक रेष चंदेरी उठून दिसते, सिझेरियनच्या टाक्यांवरचा पोटाचा पट दिसतो, बेंबीची खोली दिसते. तिसऱ्यात फक्त कमरेची कड उजळते आणि बाकी अंधार.

त्या वेळी मी फार बोलत नाही. तीन मिनिटांत पोट बदललं नाही, खिडकीची जागा बदलली, हे तिला आपोआप दिसतं. ट्रायल रूममधल्या डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली, लिफ्टच्या आरशात, मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यात स्वतःला बघून तिने जे निष्कर्ष काढलेले असतात ते तिथे डळमळायला लागतात. मग विचारा, 'यातला कुठला उजेड हवा?' बाजूचा उजेड निवडणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या आहेत. रेषा दिसतात म्हणूनच त्या तो निवडतात.

कॅमेऱ्याची थोडी माहिती

मोबाईलचा नेहमीचा कॅमेरा रुंद भिंगाचा असतो. हातभर अंतरावरून काढलं की जवळचं मोठं आणि लांबचं लहान दिसतं: नाक फुगतं, पुढे आलेला गुडघा अवाढव्य होतो. दोन-अडीच मीटर मागे जा आणि दोन पटीचा झूम वापरा. वेगळा कॅमेरा असेल तर ५० किंवा ८५ मिमीचं भिंग, शटर १/१२५, छिद्र एफ २.८ ते ४, आयएसओ ४०० ते ८००. पांढरा समतोल (व्हाइट बॅलन्स) ऑटोवर सोडू नका, ५२०० ते ५५०० केल्व्हिनच्या दरम्यान एकदा ठेवून द्या.

मोबाईलमधला ब्यूटी मोड आधी बंद करा. पुष्कळ फोनमध्ये तो न विचारताच चालू असतो आणि त्वचा पुसून टाकतो, गोरीही करतो. मग आपण बसलो कशासाठी? कॅमेऱ्याचं मीटर प्रत्येक दृश्य मध्यम राखाडीकडे ओढतं, त्यामुळे पांढऱ्या भिंतीपुढे सावळी बाई काळवंडते आणि काळ्या पडद्यापुढे तिची कांती जळते. बोटाने त्वचेवर फोकस धरा आणि उजेड तिथूनच मोजा. फिल्मच्या काळात कोडॅकची रंग जुळवायची कार्डं गोऱ्या बाईच्या फोटोवर बेतलेली असत, आणि सावळ्या त्वचेला त्याचा फटका अनेक दशकं बसला. आज निदान हातातलं यंत्र आपल्याला आपल्या रंगासाठी जुळवून घेता येतं.

प्रत्यक्ष फोटो काढताना

हातांपासून सुरुवात करा. पीठ मळताना, वेणी घालताना, दुसऱ्या हाताची बांगडी फिरवताना. मग पावलं, मग मान, मग पाठ. कपडे सगळे अंगावर असू द्या. पहिल्या वीस मिनिटांत तिला शटरच्या आवाजाची सवय होऊ दे. पाठीचे फोटो लवकर घेतलेले बरे, कारण पाठ करून बसलं की कॅमेरा दिसत नाही आणि खांदे सुटतात.

कपडा काढायचा की नाही ते ती स्वतः म्हणेल. तुम्ही 'आता पदर काढूया का?' असंही विचारू नका, कारण भीड पडते. सुरुवातीलाच सांगून ठेवायचं: 'तुला हवं तेव्हा तू बदल, मी विचारणार नाही.' ती बदलत असताना पाठ करून उभ्या राहा. हात लावायचाच नाही. हनुवटी थोडी वर हवी असेल तर स्वतःची हनुवटी वर करून दाखवा.

पोज देऊ नका, काम द्या. पोज दिली की ती पोट आत ओढते, श्वास रोखते आणि चेहरा लग्नाच्या अल्बमसारखा होतो. काम दिलं की शरीर आपलं वजन आपणच सांभाळतं: केस सोडून पुन्हा बांध, खिडकीशी उभी राहून चहा पी, तेल लाव, चादरीत कूस बदल. श्वास सोडताना शटर दाबा. पोट सैल सोडलेला पहिला फोटो मिळतो तेव्हा ती मला नेहमी आधीपेक्षा मोठी, ऐसपैस वाटते.

दर दहा मिनिटांनी थांबा आणि विचारा, 'पुढे जाऊया, थांबूया, की मागे जाऊया?' तिन्ही पर्याय दरवेळी पूर्ण बोलून दाखवा. रडू आलं तर कॅमेरा खाली ठेवा, पाणी द्या, चादर द्या, गप्प बसा. रडतानाचा फोटो कितीही चांगला येणार असला तरी घेऊ नका.

स्तन काढलेली बाई, कोड असलेली बाई, जळाल्याचे व्रण असलेली बाई आली तर व्रणाचा फोटो घ्यायचाच असं ठरवून बसू नका. व्रण दाखवणं हेच धैर्य, असं आपण परस्पर ठरवतो आणि तिच्यावर नवीन ओझं टाकतो. एका बाईला शस्त्रक्रियेनंतर फक्त आपल्या मानेचे आणि परत उगवलेल्या केसांचे फोटो हवे होते. तेवढेच काढले.

एकटीने काढणाऱ्यांनी मागचा कॅमेरा, ट्रायपॉड आणि दहा सेकंदांचा टायमर वापरावा. पुढच्या कॅमेऱ्यात स्क्रीन दिसते आणि आपण जागच्या जागी चेहरा दुरुस्त करत बसतो. सगळे फोटो काढून झाल्याशिवाय एकही बघू नये.

बघण्याची बैठक

घाईत कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर बघू नका. दोन-चार दिवस जाऊ द्या, मग लॅपटॉपवर, इंटरनेट बंद करून, दोघी शेजारी बसा. पहिली फेरी न बोलता. या वेळी तिची नजर सरळ 'दोषा'कडे जाते, ती जाऊ द्या. दुसऱ्या फेरीत तिला विचारा की फोटोतली बाई काय करतेय, तिला कसं वाटत असेल. 'ती' म्हणून बोलताना बायका स्वतःबद्दल बऱ्याच मायेने बोलतात. तिसऱ्या फेरीत ती ठेवायचे ते निवडेल. डिलीट म्हटलं की तिच्यासमोर तिथल्या तिथे डिलीट, कारण विचारायचं नाही. काही शंका असलेले फोटो महिनाभर ठेवून बघायला मी सुचवते, एकदाच, आग्रह न करता.

दुरुस्तीचा माझा नियम साधा आहे. पंधरा दिवसांत जाणारी पुळी, डासाचा चावा, नाडीचा वळ ती म्हणाली तर पुसते. राहणारं काहीही पुसत नाही, कंबर बारीक करत नाही, रंग उजळत नाही. हे पहिल्या भेटीतच सांगते. ज्यांना ते हवं असतं त्यांचं चुकतं असं मी म्हणत नाही, पण ते काम माझं नाही.

फाइली सांभाळणं

इथे ढिलाई चालणार नाही. शक्यतो मेमरी कार्डाचा कॅमेरा वापरा. मोबाईलच असेल तर आधी गूगल फोटोज किंवा आयक्लाउडचा बॅकअप बंद, लोकेशन बंद, विमान मोड चालू. घरात टॅबलेट किंवा टीव्ही त्याच खात्याला जोडलेला नाही ना, ते बघा. कुटुंबाच्या सामाईक खात्यामुळे फोटो दिवाणखान्यातल्या टीव्हीवर झळकू शकतो. डिलीट केलेले फोटो 'अलीकडे हटवलेले' किंवा 'ट्रॅश'मध्ये महिनाभर किंवा जास्तही पडून राहतात, तिथूनही काढा. मेमरी कार्ड नुसतं फॉरमॅट केल्याने फोटो जात नाहीत, ते परत मिळवता येतात. फॉरमॅट करून मग भिंतीचे, आकाशाचे व्हिडिओ कार्ड भरेपर्यंत काढा.

तिला द्यायचे फोटो पासवर्डने कुलूपबंद केलेल्या पेनड्राइव्हवर, हातात द्या. व्हॉट्सॲपवर पाठवू नका, एकदाच दिसणाऱ्या फोटोच्या सोयीवरही विसंबू नका, कारण दुसऱ्या फोनने समोरून फोटो काढता येतो. फोटो सुधारून देणाऱ्या ऑनलाइन एआय ॲपवर चढवणं तर अजिबात नको.

चेहरा न दाखवल्याने ओळख लपते असं समजू नका. हातावरचं गोंदण, मंगळसूत्राची वाटी, तीळ, चादरीची नक्षी, खिडकीबाहेरची पाण्याची टाकी, कशावरूनही माणूस ओळखू येतं.

माझी आवडती वाट म्हणजे डिजिटल काहीच न ठेवणं. इन्स्टॅक्सचा साधा, मेमरी नसलेला कॅमेरा घ्या. फोटो तिथेच बाहेर येतो, दुसरी प्रत नसते आणि निगेटिव्हही नसतं. त्याचा उजेडाचा ताबा कमी असतो, फोटो पाकिटात मावेल एवढाच येतो, तरी पुष्कळ जणींना तोच सगळ्यात निर्धास्त वाटतो. लॅबमध्ये छापायला देऊ नका. घरच्या छोट्या डाय-सब (रिबनवरच्या रंगाने छापणाऱ्या) प्रिंटरवर छापलं तर आतली वापरलेली रिबन बाहेर काढून बघा. तिच्यावर प्रत्येक फोटोची छाया उमटलेली असते. रिबन कात्रीने तुकडे करून टाका.

इतकं करूनही काही बाहेर गेलंच, तर आधी स्क्रीनशॉट, लिंक आणि वेळ नोंदवा, मग त्या प्लॅटफॉर्मकडे तक्रार करा. आयटी नियमांनुसार अशा तक्रारीवर ठराविक मुदतीत फोटो काढून टाकणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. नॅशनल सायबर क्राइम पोर्टलवर महिलांविषयीच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे आणि तिथे नाव न देताही तक्रार करता येते. स्टॉपएनसीआयआय या मोफत सेवेत फोटो कुठेही न पाठवता, तुमच्याच फोनवर त्याचा अंकी ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो अडवतात. धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नका, मागण्या थांबत नाहीत.

बायकांची बैठक

फोटो न काढताही ही बैठक घेता येते, आणि काही जणींसाठी तेवढंच पुरतं. पाच ते सात जणी, दोन तास, जमिनीवर सतरंजी. भिशीचा किंवा बचत गटाचा तयार गट असेल तर उत्तम, पण एकाच घरातल्या सासू-सून, जावा-नणंदा एका बैठकीत नकोत. जिच्यासोबत घरी जाऊन एका ओट्यावर उभं राहायचं आहे तिच्यापुढे कुणी मोकळं होत नाही. मोबाईल दारातल्या दुरडीत.

नियम थोडे: इथलं बोलणं इथेच. दुसरीच्या शरीरावर शेरा नाही, कौतुकाचाही नाही. वजन कमी करायचे उपाय, डाएट, काढे यांवर चर्चा नाही. हा शेवटचा नियम पाळायला सर्वांत अवघड जातो, कारण आपल्याकडे बाईने शरीराचं नाव काढलं की दुसरी लगेच मेथीचं पाणी सुचवते.

सुरुवात 'तुझ्या शरीराने केलेलं एक अवघड काम सांग' इथून करा. बाळंतपणं येतात, पण त्यासोबत विहिरीतून पाणी शेंदणं, आजारी सासऱ्यांना उचलून बसवणं, ऊसतोडीची मोळी, पहिल्यांदा स्कूटर उभी करणं हेही येतं. मग 'घरात शरीराबद्दल कुठला शब्द सगळ्यात जास्त ऐकलास?' आणि शेवटी 'तू तोच शब्द कुणाला म्हणतेस का?' इथे खोलीत थोडी शांतता पसरते. मुलीला 'उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील' म्हणणारी आई तिथे बसलेली असते. तिला दोषी ठरवू नका, पुढच्या वेळी काय म्हणता येईल ते सगळ्यांनी मिळून ठरवा. पाहुण्या मुलीला दारातच 'किती वाळलीस' म्हणण्याऐवजी 'प्रवास कसा झाला' विचारता येतं. कुणी आपल्याच मुलीला 'सुटलीस' म्हटलं तर 'तिच्या शरीराबद्दल आमच्याकडे बोलत नाहीत' एवढं शांतपणे म्हणता येतं. ही वाक्यं बैठकीत मोठ्याने म्हणून बघा, जिभेला सवय झाली की आयत्या वेळी ती तोंडात येतात.

नंतरचा फोन

तीन-चार आठवड्यांनी तिला फोन करा. फोटो आवडले का, हे विचारू नका. झोप कशी आहे, आरशासमोर कसं वाटतं, ते फोटो पुन्हा उघडून बघितले का, एवढंच विचारा. एखादी सांगते की बाह्या नसलेलं ब्लाउज शिवायला टाकलं. दुसरी सांगते की डॉक्टरांकडे छातीची तपासणी करून आली, जी तिने लाजेपोटी लांबवली होती. तिसरी म्हणते, काही फरक पडला नाही, पेनड्राइव्ह उघडलाच नाही. तिन्ही उत्तरं ऐकून घ्या. आणि एखादी म्हणाली की आता ते नकोतच, नष्ट करून टाका, तर तुमच्याकडची प्रत त्याच दिवशी नष्ट करा, सही केलेल्या कागदावर तारीख टाका आणि तो कागद तिला परत द्या.